पिवळं मैदान

रडणारा खेळाडू मला सहन होत नाही. दया येते म्हणून नव्हे, राग येतो म्हणून. आयुष्यभर व्हॉलीबॉल शिकवला. त्यातले काही महिने भारताच्या ज्युनियर मुलींच्या संघाबरोबर आणि चार वर्षं आखातातल्या एका देशात काढली, आणि या सगळ्या काळात मैदानावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. बायको म्हणते, तुम्ही घरात बोलता तेही छापण्यासारखं नाही. तेव्हा हे जे सांगणार आहे ते गोड शब्दांत सांगता येईल, असा माझा मुळीच समज नाही. बडोद्यात मी एक मैदान तयार केलं. त्या मैदानाने मला नाव दिलं, परदेशातली नोकरी दिली. त्याच मैदानाने माझ्या मुलींना काय दिलं, हे त्यांच्या आईबापांच्या आधी मला कळलं होतं. कळल्यावर मी चार वर्षं गप्प बसलो.

आमचं घर म्हणजे संस्थानी नोकरीचं घर. आजोबा महसूल खात्यात, वडील कोर्टात, आणि मीही टेबलामागे बसणार हे माझ्या बारशालाच ठरलं असावं. मी मात्र आखाड्यात जायचो. आखाड्यातली माती साधी नसते. तीत हळद, तेल, ताक घालून ती आठवडेच्या आठवडे मळलेली, मुरवलेली असते. मऊ, थंड, पिवळसर. खरचटलं की उस्ताद तीच माती चिमटीत घेऊन जखमेत दाबायचे आणि वर पाठीत एक धपाटा घालायचे. जखम दोन दिवसांत भरायची. माझ्या कोपरांवर एकही व्रण नाही, हे पुढे मी प्रत्येक नव्या मुलीला बाही वर करून दाखवत आलो. मातीसारखं औषध नाही, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. ते अंगात मुरलं होतं.

उंची वाढली तशी कुस्ती सुटली आणि व्हॉलीबॉल आला. राज्याकडून खेळलो आणि त्या जोरावर नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात, टाइम ऑफिसात चिकटलो. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, मस्टरं तपासायची आणि खेळाडू म्हणून दुपारी दोनला सुटायचं. कारखान्यात नेमकं काय शिजतं याची मी कधी चौकशी केली नाही. एका खात्यातली माणसं तेवढी लांबून ओळखू यायची, कारण त्यांचे हात, कपडे, सायकलच्या मुठीसुद्धा पिवळ्या असायच्या. त्यांच्यातला एक जुना कामगार पगाराच्या दिवशी आमच्या खिडकीशी येऊन गंमत करायचा. आगकाडीचा गुल मोडून काडी एका नाकपुडीत घालायचा आणि दुसरीतून बाहेर काढायचा. मधला पडदाच नव्हता. नवा कारकून आला की त्याला हा खेळ मुद्दाम दाखवला जायचा आणि बाकीचे आम्ही पोट धरधरून हसायचो.

मग एका उन्हाळ्यात मला जपानला प्रशिक्षकांच्या वर्गाला जायला मिळालं, सहा आठवडे. तिथल्या शाळकरी मुली चेंडूमागे अशा झेपावायच्या की आधी छाती, मग पोट, मग मांड्या जमिनीवरून घसरत जायच्या आणि चेंडू मात्र वर उडायचा. एक चेंडू जमिनीवर पडू देत नव्हत्या. मी गॅलरीत बसून बघत होतो आणि मला अक्षरशः लाज वाटत होती. आमच्याकडच्या मुली चेंडू लांब पडला की कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या. त्यांचं तरी काय चुकलं? आमची मैदानं खडीची. झेपावलं तर कातडं सोलून निघायचं. परतीच्या विमानात मी ठरवलं की बडोद्यात मुलींना झेपावायला शिकवायचं, आणि त्यासाठी मैदान करायचं.

जागा मिळाली मकरपुऱ्याच्या बाजूला, एका ट्रस्टच्या शाळेमागे. खोलगट, पाणी साचणारी, कोणाला नको असलेली. तिला भराव घालायला हवा होता. आमच्या कारखान्यामागे वाळलेल्या गाळाचे डोंगर पडले होते, राखाडी, मधूनमधून पिवळसर. ओला करून दाबला की तो गाळ सिमेंटसारखा घट्ट बसायचा आणि वरून मऊ राहायचा, खडा नाही की काही नाही. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो आणि मुलींच्या खेळासाठी थोडा मागितला. ते खूश झाले. म्हणाले, "लई जाव ने, जोईए एटलुं." पाहिजे तेवढा न्या. मी किती उपकार मानले त्यांचे! आज वाटतं, त्या माणसाचं डोक्यावरचं ओझं मी माझ्या हातांनी उचललं होतं.

दहा-बारा ट्रक आले. ट्रकवाल्याने तोंडाला फडकं बांधलं होतं. तो खाली उतरला, शाळेकडे, पलीकडच्या घरांकडे बघितलं आणि म्हणाला की साहेब, हा माल वस्तीजवळ टाकत नाहीत. मला वाटलं, याला लांब कुठेतरी खाली करून परस्पर निघून जायचंय. मी त्याला कामचोर म्हणालो आणि आणखी बरंच काही म्हणालो. चहा मागवला होता, तो त्याने घेतला नाही. ट्रक रिकामा केला, शाळेच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले आणि गेला.

मैदान देखणं झालं. रोलर फिरवून, पाणी मारून सपाट केल्यावर कडेकडेने त्यावर एक पिवळी साय धरायची, बारीक, हळदीसारखी. मला आमचा आखाडा आठवला आणि छाती भरून आली. हे मी मुद्दाम लिहितोय. तो पिवळा रंग बघून मला भीती वाटायला हवी होती, आणि मला आनंद झाला होता. पावसाळा संपला, गावभर गुडघ्याएवढं गवत झालं, आमच्या मैदानावर एक काडी उगवली नाही. लोकांना मी कौतुकाने सांगायचो की बघा, तण काढायचा त्रासच नाही. शाळेतली कुत्री आधी त्या खड्ड्यात पडलेली असायची, ती रस्त्यापलीकडे झोपायला लागली. त्याचंही मला बरंच वाटलं.

ती आली तेव्हा अकरा वर्षांची होती. वडील रेल्वेत फिटर, भुसावळकडून बदली होऊन आलेले. पोरगी बुटकी. व्हॉलीबॉलमध्ये बुटक्या मुलीला कोणी विचारत नाही आणि मीही विचारलं नसतं. पण पहिल्याच दिवशी ती कडेला उभी असताना एक चेंडू तिच्या डोक्यावरून मागे गेला, आणि ही कोणी न सांगता मागे वळून आडवी झाली. चेंडू वर आला. उठून फ्रॉक झटकत माझ्याकडे बघत राहिली, आता ओरडा बसणार म्हणून. कोपर सोलवटलं होतं. मी खाली वाकलो, मैदानातली चिमूटभर माती घेतली आणि तिच्या कोपरात दाबली. ती रडली नाही. मी तेव्हाच ठरवलं की ही माझी.

पुढची सहा वर्षं मी ती माती तिला आणि इतर मुलींना लावली. मैदानात शिरताना वाकून माती कपाळाला लावायची, खरचटलं की जखमेत दाबायची, आणि गुडघ्याला टोप्या घालायच्या नाहीत, हे माझे नियम होते. माती अंगात जिरली पाहिजे, असं मी रोज म्हणायचो. जखमा मात्र दोन दिवसांत भरत नव्हत्या. कोपरांवर, घोट्यांवर बारीक गोल खड्डे पडायचे, पेन्सिलने टोचल्यासारखे खोल, कडा कडक. गंमत म्हणजे ते दुखायचे नाहीत. मुली एकमेकींचे खड्डे मोजायच्या. मी म्हणायचो, ही तुमची पदकं. त्यांचे मोजे पिवळे व्हायचे आणि कितीही धुतले तरी पिवळेच राहायचे. एका मुलीची आई तक्रार घेऊन आली तर मी तिला साबण बदलायला सांगितलं.

मैदानावर पाणी मारायला एक म्हातारा माळी होता. अनवाणी काम करणारा माणूस, पण वर्षभरात त्याने जुने गमबूट मिळवले आणि ते घातल्याशिवाय तो मैदानात पाय ठेवीना. पाय फाटतात म्हणायचा. दुसऱ्या वर्षी तो कामच सोडून गेला. मी त्याच्यावर चिडलो आणि पाणी मुलींकडून मारून घ्यायला लागलो.

मग घोळणे फुटायला लागले. उन्हाळ्यात कोणाचा ना कोणाचा फुटतोच, म्हणून मी कांदा हुंगायला द्यायचो, डोक्यावर पाणी थापायचो, नाक शिंकरून परत खेळायला लावायचो. पण हिचा दिवाळीतही फुटायला लागला. एकदा तिचे वडील ड्युटीवरून तसेच, तेलकट कपड्यांत मैदानावर आले. माणूस फार मऊ. माझ्यापुढे उभं राहतानाही टोपी हातात. म्हणाले, "सर, पोरीची उशी सकाळी लाल असते. तुम्ही म्हणाल तर थोडे दिवस खेळ बंद ठेवू?"

तुम्ही म्हणाल तर! एवढी सोपी किल्ली त्या माणसाने माझ्या हातात दिली होती. मी त्यांना सांगितलं की पुढच्या महिन्यात राज्याची निवड आहे, आता बंद केलं तर सहा वर्षं पाण्यात. मोसंबी द्या, दूर्वांचा रस नाकात घाला. ते मान हलवून गेले. मुलीला वाटलं, वडिलांनी सरांपुढे आपली अब्रू घालवली. ती त्या दिवशी दुप्पट वेळ झेपावत राहिली, आणि मीही तिला थांबवलं नाही.

त्याच सुमारास आमच्या खेळात लिबेरोचा नियम आला. लिबेरो म्हणजे वेगळ्या रंगाचा सदरा घालून फक्त बचाव करणारा खेळाडू; उंचीची गरज नाही, चेंडू जमिनीवर पडू द्यायचा नाही एवढंच काम. देशभरातले प्रशिक्षक असा खेळाडू कुठून आणायचा म्हणून डोकं खाजवत होते आणि माझ्याकडे तो सहा वर्षांपासून तयार होता. तिचं नाव ज्युनियर भारतीय संघाच्या शिबिरात आलं. तिच्यामागोमाग, सहायक प्रशिक्षक म्हणून माझं आलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच कोणीतरी मला शोधत बडोद्यापर्यंत आलं होतं. त्याच महिन्यात आखातातल्या एका देशाच्या महासंघाचं पत्र आलं की मुलींच्या झेपावण्याबद्दल ऐकलंय, आमच्या ज्युनियर मुलांना शिकवायला याल का. घरी पेढे वाटले.

शिबिर दक्षिणेतल्या एका शहरात होतं. तिसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टर तरुण बाई होती, घाई नसलेली. एकेका मुलीला खुर्चीत बसवून कान, नाक, घसा बघत होती. आमच्या मुलीच्या नाकात तिने टॉर्च धरली आणि थांबली. टॉर्च दुसऱ्या बाजूला धरून बघितली. मग मला जवळ बोलावून दाखवलं. उजव्या नाकपुडीत धरलेला उजेड डावीकडून बाहेर पडत होता.

मला आगकाडी दिसली. पगाराचा दिवस, टाइम ऑफिसची खिडकी, आमचं हसणं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्या खात्यातला गाळ, कारखान्यामागचे डोंगर, दहा-बारा ट्रक. एक क्षणही लागला नाही. ज्या गोष्टीला मी सात वर्षं डोळे झाकले होते ती एका सेकंदात सरळ रेषेत उभी राहिली.

डॉक्टर तिला विचारत होती की तू कुठल्या कारखान्यात काम करतेस का, क्रोमियमचं काम? असं नाक तिने फक्त तिथल्या कामगारांचं बघितलं होतं. मुलगी हसली. म्हणाली, "नाही हो मॅडम, मी फक्त खेळते."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. तिने काही आरोप केला नाही, फक्त बघितलं आणि वाट बघितली. मला बोलायचं होतं, हे खरं आहे. तोंड उघडलंही होतं. पण तोंड उघडता उघडता मला दिसलं की बोललो तर मैदान बंद, पेपरात बातमी, कारखान्यातली नोकरी गेली, हिची निवड लांबली, माझी कायमची गेली, आणि आखाताचं पत्र कचऱ्यात. मी म्हणालो, "बडोद्याच्या चारी बाजूंना कारखानेच आहेत, डॉक्टर. हवाच खराब." डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं, खेळायला हरकत नाही म्हणाली, पुढे नाकाच्या तज्ज्ञाला दाखवा म्हणाली. कागद माझ्याकडे दिला. तो मी कोणाला दाखवला नाही.

त्या स्पर्धेत ती सुंदर खेळली. टाइम-आउटला मुली माझ्याभोवती गोळा व्हायच्या, धापा टाकायच्या, आणि मी बोलायचा थांबलो की त्या सगळ्या श्वासांत एक बारीक शिट्टी ऐकू यायची. तिच्या नाकातून यायची. इतर मुली तिला इंजिन म्हणून चिडवायच्या, बाप रेल्वेत म्हणून. तीही हसायची. म्हणून मी टाइम-आउटमध्ये अखंड बोलत राहायला लागलो.

आखातात जायच्या आधी मैदानाची किल्ली मी तिच्याच हातात दिली. तोवर तिला रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली होती. सकाळी शिकवीन, मग ड्युटीला जाईन, म्हणाली. मी तिला म्हणू शकलो असतो की शिकवू नकोस, कुलूप लाव, मोठ्या डॉक्टरकडे जा. तिने वाकून नमस्कार केला आणि मी आशीर्वाद दिला. आता वाटतं, त्या क्षणी माझा हात जळायला हवा होता. विमानतळावर बायकोने विचारलं की एवढे गप्प का. मी म्हणालो, उन्हाने डोकं दुखतंय.

तिकडे काय नव्हतं? लाकडी फरशी, थंडगार हॉल, प्रत्येक मुलाला दोन जोड गुडघ्याच्या टोप्या. मी त्या सक्तीने घालायला लावायचो. कोणाचं जरा खरचटलं की साबणाने धुवायला, औषध लावायला पिटाळायचो. ती मुलं मला घाबरट म्हणत असतील. दर शुक्रवारी मी बडोद्याला फोन करायचो. ती उत्साहाने सांगायची की नवी बॅच आली, अठरा मुली आहेत, सगळ्यात लहान नऊ वर्षांची. म्हणायची, तुमचे सगळे नियम तसेच पाळते, टोप्या नाहीत, जखमेला माती. फोनवरही ती शिट्टी ऐकू यायची. मी दर शुक्रवारी ठरवायचो की आज सांगायचं. मग वाटायचं, फोनवर कसं सांगणार, पत्र लिहू. पत्र लिहायला बसलो की वाटायचं, हे समोरासमोर सांगायला हवं. अशा रीतीने चार वर्षं काढता येतात, मी काढली आहेत.

करार संपवून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो. पावसाळा नुकताच सरला होता. कडेच्या चरात पाणी साचलं होतं, हिरवट पिवळं, आणि त्यावर एक डास नव्हता. अठरा मुली एका रांगेत झेपावत होत्या. इतक्या सफाईने की मी जपानमध्ये जे बघितलं होतं तेच आज माझ्या गावात, माझ्या मुलीने उभं केलेलं बघत होतो. दुसरा कोणी असता तर त्याचे डोळे भरून आले असते. मी त्यांच्या कोपरांकडे बघत होतो. प्रत्येकीच्या कोपरावर खड्डे होते.

तिने मला बघितलं आणि धावत आली, मुलींना ओरडून सांगितलं की हेच ते आपले मोठे सर. तेवढ्यात रांगेतल्या सगळ्यात लहान मुलीचं कोपर सोललं. ती रडवेली होऊन हात पुढे करून उभी राहिली. ही सवयीने खाली वाकली आणि चिमटीत माती घेतली.

मी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की ती दचकली. मुलींना शाळेच्या नळावर हातपाय धुवायला पाठवलं आणि तिथेच, मैदानाच्या कडेला उभं राहून तिला सगळं सांगितलं. गाळ कुठला, ट्रक कोणी आणले, तो कामगार, त्याची आगकाडी. डॉक्टरने काय विचारलं आणि मला काय ठाऊक होतं. कागदाचंही सांगितलं. मध्ये मी माझी बाजू मांडायला लागलो, की पत्र आलं होतं, तुझी निवडही गेली असती. ती ऐकत होती. हातातली माती तिने टाकून दिली नव्हती, बोटं तशीच मिटलेली होती. तिचा श्वास चढला होता आणि ती शिट्टी इतकी मोठी वाजत होती की नळावरच्या दोन मुलींनी वळून बघितलं.

मला वाटलं, ही आता माझ्या थोबाडीत मारील. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने फार हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बोलला असतात सर, तर यातली एक तरी मुलगी इथे आली असती का?"

मी नाही म्हणालो. तिने मान हलवली. स्वतःच्या नाकाबद्दल तिने एक शब्द विचारला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

तिने हात धुतले. मुली गेल्या की मैदानाच्या फाटकाला कुलूप लावायला शिपायाला सांगितलं. मुलींना घरी जायला सांगितलं आणि उद्यापासून सराव बंद म्हणाली. मुली तोंडं पाडून गेल्या; एकीने विचारलं, आमचं काही चुकलं का बेन? मग तिने हजेरीची वही काढली. त्यात अठरा नावांपुढे अठरा पत्ते होते. रेल्वेला फोन करून त्या दिवसाची रजा टाकली, स्कूटर चालू केली आणि मागे बसा म्हणून मला खूण केली. वाटेत मी विचार करत होतो की ही सांगेल, मी बाजूला उभा राहीन, शेवटी मुली तिच्या आहेत. एवढं होऊनही माझं मन पळवाटच शोधत होतं.

पहिलं घर त्या सगळ्यात लहान मुलीचं होतं. दुसरा मजला. तिने बेल वाजवली आणि दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकून उभी राहिली.

दार मुलीच्या आईने उघडलं. हात कणकेचे. तिने आधी हिला बघितलं, मग मला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. माझा फोटो मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलेला आहे म्हणाली. आत वळून सासूला हाक मारली की मोठे सर आपल्या घरी आलेत, खुर्ची द्या. या ना, आवो ना, बसा, चहा टाकते, असं सगळं एका दमात म्हणत ती दारातून बाजूला झाली. आत टेबलाशी ती मुलगी पट्टी बांधलेलं कोपर धरून उभी होती आणि सरांना बघून लाजत होती.

मी चपला काढल्या नाहीत. दारातच उभा राहिलो आणि म्हणालो, "चहा नको. आधी माझं ऐकून घ्या, मग आत बोलवायचं की नाही ते ठरवा."